कामावर निघालेला फ्रेंच सिनेमा

पुण्यात फ्रेंच सिनेमाचा विषय निघाला, की बोलणारा कोणत्याही वयाचा असो, गाडी हटकून १९५९ सालापाशी, म्हणजे तिथल्या तरुण दिग्दर्शकांच्या 'नव्या लाटे'पाशी येऊन थांबते. त्रुफोच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या शेवटी समुद्राकडे धावत सुटलेला मुलगा, गोदारच्या नायकाच्या ओठांतली सिगारेट, स्टुडिओ सोडून पॅरिसच्या रस्त्यांवर उतरलेला कॅमेरा, एवढ्या भांडवलावर आपल्याकडे तासन्‌तास चर्चा होऊ शकते आणि होतेही. या शहराचा तो हक्कच आहे, असे म्हटले तरी चालेल. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्याला आली, तिच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. सतीश बहादूर यांनी चित्रपटाचा रसास्वाद हा शिकवण्याचा विषय केला आणि पी. के. नायर यांनी संग्रहालयाच्या कपाटांत देशाबरोबरच जगाचाही सिनेमा आणून ठेवला. पॅरिसमध्ये आंरी लांग्लोआ यांनी १९३६ साली सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयाची स्थापना करताना जो ध्यास घेतला होता, तोच ध्यास नायर यांनी पुण्यात घेतला. अंधारात विजेरीच्या प्रकाशात वहीत टिपणे घेत बसलेले नायर ज्यांनी पाहिले आहेत, अशी माणसे इथल्या चित्रपटगृहांत अजून भेटतात. इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले कुमार शहानी पॅरिसला गेले आणि दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांच्या हाताखाली काम करून परतले, हा किस्सा तर रसास्वादाच्या कोणत्याही वर्गात केव्हा ना केव्हा सांगितला जातोच.

या थोर परंपरेचा एक दुष्परिणाम मात्र झाला आहे. फ्रेंच सिनेमा आपल्याला भेटला तो अभ्यासाचा विषय म्हणून, आणि अभ्यासक्रमात एकदा बसलेली गोष्ट सहसा पुढे सरकत नाही. आजच्या फ्रान्समध्ये कोणते चित्रपट निघतात, ते कोण काढते, तिथले लोक काय पाहायला जातात, याची आपल्याला फारशी चौकशी नसते. त्यामुळे डेक्कनच्या अलीकडच्या एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात शनिवार-रविवारच्या सकाळच्या खेळांना नव्या, म्हणजे २०२१ पासूनच्या, फ्रेंच चित्रपटांचा छोटेखानी महोत्सव भरणार असे कळले, तेव्हा मला आनंद झाला तो जुन्यातले काहीही त्यात नव्हते म्हणून. आमच्या फिल्म क्लबातल्या ज्येष्ठ सभासदांना नेमके याच कारणासाठी वाईट वाटले होते.

अशा महोत्सवाला आपल्याकडे तिकीट नसते, पास असतो. परदेशी चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसेल तर तो सर्रास तिकीट लावून दाखवता येत नाही. महोत्सवांना माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळवावी लागते आणि प्रेक्षकाला नाव नोंदवून प्रतिनिधी व्हावे लागते. गळ्यात ओळखपत्र अडकवून सिनेमाला जाण्यात काही पुणेकरांना विशेष समाधान मिळते, हे खरे असले तरी या पद्धतीने प्रेक्षक आपोआप गाळला जातो, हेही तेवढेच खरे आहे. रस्त्यावरून जाता जाता पोस्टर पाहून कोणी आत शिरला, असे इथे घडू शकत नाही. त्यामुळे आत भेटतात ते ओळखीचेच चेहरे: रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या मुली, फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, हिंजवडीतून खास सुट्टी वाचवून आलेले तरुण, आणि मधल्या रांगांतल्या कडेच्या खुर्च्यांवर रुमाल टाकून चहाला गेलेले निवृत्त लोक. मी या शेवटच्या वर्गात नुकतीच दाखल झाले आहे.

महोत्सव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली, आणि ती पुढे प्रत्येक चित्रपटागणिक पक्की होत गेली. या चित्रपटांतली माणसे सतत कामावर असतात. आपल्या ओळखीच्या जुन्या फ्रेंच सिनेमात कामाला जाणारा माणूस शोधावा लागतो. तिथले नायक कॅफेत बसतात, प्रेम करतात, गाड्या चोरतात, मृत्यूविषयी बोलतात, पण महिन्याचे घरभाडे कुठून भरतात याचा पत्ता लागत नाही. गोदारच्या चित्रपटात जीन सीबर्ग शाँज-एलिझेच्या रस्त्यावर वर्तमानपत्रे विकते हे मान्य, पण तिच्या हातातला गठ्ठा कधी जड वाटत नाही. नव्या चित्रपटांत मात्र वजन जाणवते. गादीवरची चादर ओढताना, दुधाचा कॅन उचलताना, पाठीवरची चौकोनी पेटी सावरताना शरीराला काय करावे लागते, याकडे दिग्दर्शकांचे बारीक लक्ष आहे.

एरिक ग्रावेल यांचा 'आ प्लँ तां' हा २०२१ सालचा चित्रपट सुरू होतो तो झोपलेल्या बाईच्या श्वासाने. पडद्यावर तिच्या त्वचेचा अगदी जवळून दिसणारा भाग आणि कानावर संथ श्वास, एवढाच काय तो निवांतपणा. गजर वाजला की पुढचा दीड तास ज्यूली पळत असते. ती नवऱ्यापासून वेगळी झाली आहे, पदरी दोन मुले आहेत, पॅरिसपासून दूर गावात राहते आणि पॅरिसच्या एका पंचतारांकित हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायकांची मुख्य म्हणून काम करते. मुळात ती बाजारपेठ-संशोधनाच्या क्षेत्रातली आणि तशा नोकरीच्या मुलाखतीसाठी तिची धडपड चालू आहे. नेमका त्याच आठवड्यात देशभर वाहतुकीचा संप होतो. गाड्या रद्द होतात, मुले सांभाळणारी शेजारची म्हातारी कंटाळते, पोटगीचे पैसे येत नाहीत आणि पोटगी देणारा फोन उचलत नाही. लोर कालामी या अभिनेत्रीने ज्यूली अशी उभी केली आहे, की तिच्या चेहऱ्यावर चिंता आणि हिशेब एकाच वेळी चाललेले दिसतात. या भूमिकेला व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोन्ती विभागातले अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले आणि ग्रावेल यांना त्याच विभागात दिग्दर्शनाचे.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे लोणावळा लोकलने शिवाजीनगरहून पिंपरीला जात असे. त्यामुळे फलाटावरच्या फळ्याकडे बघत उभ्या असलेल्या ज्यूलीच्या मनात कोणते गणित चालू आहे, हे मला कोणी सांगावे लागले नाही. प्रेक्षागृहातल्या माझ्या वयाच्या बायकांनाही ते सांगावे लागले नसावे, कारण गाडी रद्द झाल्याची घोषणा झाली तेव्हा आमच्या रांगेत एकदम चुकचुकाट झाला. तरीही हा चित्रपट मला महत्त्वाचा वाटतो तो केवळ ओळख पटते म्हणून नव्हे. ग्रावेल यांनी ही गोष्ट थरारपटाच्या अंगाने सांगितली आहे. इरेन द्रेझेल यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत खाली सतत धडधडत असते (या संगीताला फ्रान्सचे सेझार पारितोषिक मिळाले, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री संगीतकार ठरल्या) आणि दृश्य तुटते ते भावनेच्या टोकाला न तुटता घड्याळाच्या काट्यावर तुटते. गुन्हेगार नाही, पिस्तूल नाही, खून नाही, तरी पाच मिनिटे उशीर झाला तर काय होईल या भीतीने प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर येतो. आणखी एक गोष्ट मला आवडली. संपामुळे ज्यूलीचे हाल होतात, पण चित्रपट संपकऱ्यांना खलनायक करत नाही. तिचे हाल आणि त्यांची मागणी या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढे तो प्रेक्षकाच्या समजुतीवर सोडतो.

बोरिस लोज्किन यांचा 'लिस्त्वार द सुलेमान' हा २०२४ सालचा चित्रपट मी या महोत्सवातला सर्वांत मोठा मानते. सुलेमान गिनी देशातून आलेला तरुण आहे आणि पॅरिसमध्ये सायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. आश्रयाच्या अर्जावरची त्याची मुलाखत दोन दिवसांवर आली आहे. त्याच्याकडे कागदपत्रे नसल्यामुळे अ‍ॅपवर त्याच्या नावाचे खाते निघू शकत नाही. म्हणून तो दुसऱ्याचे खाते भाड्याने घेऊन चालवतो, आणि अ‍ॅपने अधूनमधून चेहऱ्याचा फोटो मागितला, की खात्याच्या मूळ मालकाला गाठण्यासाठी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला सायकल हाणावी लागते. कमाईतला मोठा वाटा त्या मालकाच्या खिशात जातो. रात्रीच्या निवाऱ्याची बस ठरलेल्या वेळी सुटते, ती चुकली तर रात्र रस्त्यावर. आणि दुसऱ्या रात्रीच्या जागेसाठी सकाळी उठून पुन्हा फोन लावायचा. या सगळ्याच्या जोडीला मुलाखतीत सांगायची गोष्ट तो पाठ करत असतो. ही गोष्ट त्याची नाही, एका देशबांधवाकडून विकत घेतलेली आहे. आपण राजकीय कार्यकर्ते होतो, तुरुंगात डांबले गेलो, असे त्याने सांगायचे आहे, आणि तारखा, गल्ल्या, नावे त्याच्या तोंडात बसत नाहीत.

लोज्किन यांनी हे सारे मोजक्या माणसांच्या चमूने खऱ्या रस्त्यांवर चित्रित केले आहे. कॅमेरा सायकलींच्या वाहतुकीतूनच चालतो आणि पार्श्वसंगीत अजिबात नाही. मोटारींचे भोंगे, मेट्रोचा खडखडाट आणि अ‍ॅपचा टिंग असा आवाज एवढेच काय ते संगीत. सुलेमानचे काम करणारा अबू सांगारे हा नट नव्हता. तोही गिनीतून आलेला, आमियाँ शहरात मेकॅनिकचे काम शिकलेला, कागदपत्रांवाचून राहणारा तरुण होता. कान महोत्सवातल्या 'अँ सेर्तँ रगार' विभागात त्याला अभिनयाचे पारितोषिक मिळाले तेव्हाही त्याच्या मुक्कामाचा प्रश्न सुटलेला नव्हता. त्याचे अर्ज आधी तीनदा फेटाळले गेले होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला एक वर्षाचा परवाना मिळाला. पुढच्याच महिन्यात नवोदित अभिनेत्याचे सेझारही त्याला मिळाले.

चित्रपट संपल्यावरच्या चर्चेत व्हायचे तेच झाले. पहिल्याच वक्त्याने बाहेर बोट दाखवले आणि आपल्याकडच्या डिलिव्हरीच्या मुलांचे हाल वर्णन केले, मग पुढच्या चार जणांनी त्यात भर घातली. हे हाल खरे आहेत आणि त्यावर बोलायला हवे, पण चित्रपटातून आपण काढत होतो तो अर्थ मला फार सोपा वाटला. पुण्यात जेवण घेऊन येणारा मुलगा मराठवाड्यातून आला असेल किंवा बिहारमधून, त्याचा देश त्याच्या पायाखाली असतो; त्याला आपण कोण आहोत हे एखाद्या अधिकाऱ्यापुढे सिद्ध करावे लागत नाही. सुलेमानची गोष्ट सायकलपेक्षा त्या शेवटच्या खोलीतली आहे. टेबलाच्या पलीकडे बसलेली अधिकारी (नीना म्युरिस यांनी हे काम केले आहे, आणि त्यांनाही सेझार मिळाले) शांतपणे टंकलेखन करत राहते, मग तितक्याच शांतपणे सांगते, की अशीच गोष्ट आपण यापूर्वीही ऐकली आहे. त्यानंतर सुलेमान जे खरे सांगतो ते इथे लिहीत नाही. मात्र ती बाई क्रूर नाही, कंटाळलेलीही नाही. तीसुद्धा आपले काम नीट करणारी नोकरदार आहे, आणि नियमात न बसणाऱ्या खऱ्या दुःखाचे तिने काय करायचे, हा प्रश्न चित्रपट तिच्यापुढे ठेवून संपतो. ज्यांनी आयुष्यभर सरकारी किंवा बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला काम केले आहे, त्यांना हे दृश्य अधिक छळणार.

आमच्या क्लबात एक काका आहेत. नायरांच्या काळापासून सिनेमा पाहणारे, आणि गोदार गेला त्या दिवशी, म्हणजे १३ सप्टेंबर २०२२ रोजी, फ्रेंच सिनेमाही गेला असे मानणारे. या चित्रपटानंतर पायऱ्या उतरताना ते मला म्हणाले, "अगं, माणूस दुःखी आहे हे कळलं मला. पण यात सिनेमा कुठे आहे? डोळे मिटून ऐकलं असतं तरी एवढंच कळलं असतं." काकांशी वाद घालताना आवाज चढवायचा नाही, एवढे पथ्य मी पाळते. मी त्यांना म्हटले, "काका, हलका कॅमेरा, खरे रस्ते, नवखे चेहरे, कमी पैसे, हे सगळं तुम्हीच आम्हाला नव्या लाटेचं म्हणून शिकवलंत. तेच तर इथे आहे." त्यावर त्यांचे म्हणणे असे, की त्या लोकांनी व्याकरण मोडले आणि हे लोक व्याकरण वापरतात. वाक्य चांगले आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण मोडलेले व्याकरण साठ वर्षांत सगळ्यांच्या अंगवळणी पडले असेल, तर ते पुन्हा पुन्हा मोडून दाखवण्यापेक्षा त्यात काय सांगितले जाते हे पाहणे मला जास्त निकडीचे वाटते.

लुईझ कुर्वोआझिए यांच्या 'व्हँ दिय' या पहिल्या चित्रपटावर मात्र आमचे एकमत झाले. दिग्दर्शिका जुरा या डोंगराळ भागात वाढलेली आहे आणि चित्रपटही तिथलाच. अठरा वर्षांचा तोतोन जत्रांत बिअर पिऊन हुंदडत असतो. बाप अपघातात जातो आणि सात वर्षांच्या बहिणीची जबाबदारी अंगावर येते. चीजच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर त्याला कळते, की उत्कृष्ट कोंते चीज बनवणाऱ्याला स्पर्धेत ३०,००० युरो मिळतात, आणि काहीही येत नसताना हा पठ्ठ्या चीज बनवायला निघतो. दूध कुठून आणायचे, तर चोरून. कोंते हे जुराचे मानाचे चीज. कोणत्या जातीच्या गाई, कोणत्या प्रदेशातला चारा, तांब्याची कढई, किमान चार महिन्यांची मुरवणूक, हे सारे कायद्याने बांधलेले आहे, आणि सुमारे चाळीस किलोच्या एका चाकासाठी चारशे लिटरच्या आसपास दूध लागते. आसपासच्या गावांचे दूध जिथे जमते त्या सहकारी संस्थांची परंपरा तिथे काही शतकांची आहे, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला हे जग परके वाटण्याचे कारण नाही. मुलांचे हात कढईत कोपरापर्यंत बुडतात, कापडात दह्यासारखा गोळा पकडताना सटकतो, पुन्हा दूध तापवावे लागते. काम शिकणे म्हणजे शरीराला हळूहळू शहाणपण येणे, हे दाखवणारे इतके विनोदी आणि इतके प्रेमळ प्रसंग मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. नट सारे त्याच भागातले, बहुतेकांनी पूर्वी कधी अभिनय केलेला नाही. तोतोन झालेला क्लेमाँ फाव्हो हा कोंबड्यांच्या फार्मवर काम करणारा मुलगा. कॅमेऱ्यापुढे खरोखरच गाय विते तेव्हा गाई सांभाळणारी झालेल्या माय्‌वेन बार्तेलेमी या मुलीच्या हालचालींत जी सराईत घाई आहे, ती अभिनयाच्या वर्गात शिकवता येत नाही. काकाही या चित्रपटात मनापासून हसले.

स्वयंपाकाचा चित्रपट आला तेव्हा आम्ही पुन्हा विरुद्ध बाजूंना गेलो. त्रान आन हुंग यांच्या २०२३ सालच्या 'ला पासियाँ द दोदँ बुफाँ' या चित्रपटाची सुरुवात सुमारे अर्धा तास चालणाऱ्या स्वयंपाकाने होते. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच खेड्यातले स्वयंपाकघर, तांब्याची भांडी, खिडकीतून येणारे ऊन, ज्यूलिएत बिनोश आणि बेनुआ माझिमेल, आणि संगीताऐवजी उकळण्याचे, चिरण्याचे, परतण्याचे आवाज. सकाळच्या खेळाला आलेल्या उपाशी प्रेक्षकांवर हा अन्यायच होता. काकांनी या चित्रपटाला पूर्ण गुण दिले. मला तो सुंदर वाटला आणि थोडा संशयास्पदही. एवढे राबूनही कोणाच्या कपाळावर घाम नाही, भांडी कोण घासते ते दिसत नाही, आणि घरातल्या स्वयंपाकिणीवर मालकाचे प्रेम असल्यामुळे तिच्या श्रमांचा हिशेब प्रेमातच जमा होतो. ज्या घरांत पन्नास माणसांचा स्वयंपाक बायकांनी केला आणि वाहवा वाढणाऱ्यांची झाली, त्या घरांत वाढलेल्या माझ्यासारखीला हे इतके सहज गिळता येत नाही.

मिया हान्सेन-लव्ह यांच्या 'अँ बो मातँ' मध्ये काम आहे ते सेवेचे. साँद्रा ही दुभाषी आहे, आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेले तिचे वडील मेंदूच्या आजाराने दृष्टी आणि विचार दोन्ही गमावत चालले आहेत. त्यांना एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत हलवणे, घर रिकामे करणे, पुस्तके माजी विद्यार्थ्यांना वाटणे, यात तिचे दिवस जातात. वडील समोर असतात त्यापेक्षा त्यांच्या पुस्तकांजवळ ते आपल्याला अधिक भेटतात, असे ती म्हणते. याविषयी अधिक लिहिण्याइतकी तटस्थता माझ्याकडे नाही. निकोला फिलिबेर यांच्या 'स्युर लादामाँ' या माहितीपटाला २०२३ साली बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळाले. सेन नदीवर तरंगणाऱ्या लाकडी इमारतीतले मनोरुग्णांसाठीचे दिवसाचे केंद्र हा त्याचा विषय. तिथले रुग्ण कॅफेचा गल्ला स्वतः मोजतात आणि स्वतःचा फिल्म क्लबही चालवतात. त्यांच्या क्लबातली चर्चा आमच्या क्लबातल्या चर्चेपेक्षा मुद्देसूद असते, हे मी द्वेषाने म्हणत नाही.

असे चित्रपट तिथे निघतात कसे, हा प्रश्न मला चित्रपटांइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रतिभा सगळीकडे असते, व्यवस्था सगळीकडे नसते. फ्रान्सने १९४६ साली चित्रपटांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन केले आणि १९४८ पासून तिकिटावरच्या कराचा पैसा चित्रपटांकडेच वळवला. आज तो कर तिकिटाच्या किमतीच्या १०.७२ टक्के आहे. पॅरिसमधला तरुण हॉलिवूडचा सुपरहिरो पाहायला जातो तेव्हाही त्याच्या तिकिटातला हा वाटा त्या निधीत पडतो, आणि निधीतून चित्रपटांना आणि चित्रपटगृहांना मदत मिळते. १९५९ साली आंद्रे माल्रो सांस्कृतिक मंत्री असताना आणखी एक योजना आली. पटकथा वाचून समिती निर्मात्याला आगाऊ रक्कम देते आणि चित्रपट चालला तर ती परत घेते. म्हणजे आपण ज्या वर्षावर इतके प्रेम करतो, त्या वर्षी बंडखोर तरुणांच्या जोडीला एक सरकारी योजनाही जन्माला आली होती. तिचे पोस्टर मात्र कोणी भिंतीवर लावत नाही. दूरचित्रवाणी वाहिन्यांना चित्रपटांत पैसा घालावा लागतो आणि २०२१ पासून परदेशी स्ट्रीमिंग कंपन्यांनाही फ्रान्समधल्या उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा स्थानिक आणि युरोपीय निर्मितीत गुंतवणे बंधनकारक आहे. २०२४ साली या देशात १८ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली आणि त्यांतली चाळीस टक्क्यांहून अधिक फ्रेंच चित्रपटांची होती.

ही व्यवस्था निर्दोष नाही. वर्षाला तीनशेच्या आसपास चित्रपट निघतात आणि त्यांतले कितीतरी कोणी पाहत नाही, ही टीका तिथेच होते. उलट बाजूने, ज्युस्तिन त्रिए यांनी २०२३ साली कानचे सर्वोच्च पारितोषिक घेताना व्यासपीठावरूनच सरकारवर या व्यवस्थेची मोडतोड केल्याचा आरोप केला आणि सांस्कृतिक मंत्र्यांना तो फार झोंबला. पण भांडण त्याविषयी होऊ शकते, हेच मला हेवा वाटण्यासारखे आहे. आपण शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी भरतो आणि तो पैसा सिनेमाकडे परत येत नाही. मराठी चित्रपटाला अनुदान आहे, एके काळी करमणूक करातून सूटही होती, मात्र अनुदान मिळालेला चित्रपट दाखवायला तालुक्याच्या गावी पडदा शिल्लक आहे का, हे कोणाच्याच खात्यात बसत नाही. फिल्म इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थिनी पायल कपाडिया यांच्या ज्या चित्रपटाला २०२४ साली कानमध्ये 'ग्राँ प्री' मिळाले, त्याच्या निर्मितीत फ्रेंच कंपनी होती. मुंबईतल्या रुग्णालयातल्या दोन परिचारिका आणि तिथेच स्वयंपाकाचे काम करणारी, चाळीतले घर बिल्डरने बळकावल्यामुळे रत्नागिरीकडे परतणारी गिरणी कामगाराची विधवा, ही त्यातली माणसे. त्या विधवेचे काम छाया कदम यांनी केले आहे. आपल्या कोकणातली बाई पडद्यावर यायला पॅरिसची मदत लागली, याचा अभिमान वाटून घ्यायचा की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.

महोत्सवाबद्दल माझी एकच तक्रार आहे. शेवटच्या दिवशी दाखवलेला एमान्युएल कुर्कोल यांचा 'आँ फाँफार' सोडला, तर लोकांनी गर्दी करून पाहिलेले चित्रपट यादीत नव्हते. नामवंत संगीत संचालक आणि उत्तर फ्रान्समधल्या कामगारवस्तीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारा, शाळेच्या खानावळीत नोकरी करणारा त्याचा भाऊ यांची ही गोष्ट. तिला तिथे वीस लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले आणि आमच्याकडेही त्याच दिवशी बाल्कनी उघडावी लागली. आर्त्युस या विनोदी कलाकाराचा दिव्यांग तरुणांच्या सहलीवरचा 'अँ प्ती त्र्युक आँ प्ल्यूस' २०२४ साली एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. पुण्यात त्याचे नावही कोणी घेत नाही. पारितोषिकाचा शिक्का नसलेले फ्रेंच चित्रपट आपल्यापर्यंत येत नाहीत, आणि मग फ्रेंच माणूस रविवारी कुटुंबासह कशावर हसतो, हे आपल्याला कळायचा मार्गच उरत नाही. आयोजकांच्या अभिप्रायाच्या वहीत मी पुढच्या वर्षीसाठी या चित्रपटाचे नाव लिहून आले. माझ्याआधी काकांनी तिथे अर्धे पान भरून ठेवले होते, आणि त्यांच्या यादीतला सर्वांत नवा चित्रपट १९६७ सालचा होता.